पालथे भिक्षापात्र

मागच्या रविवारी माजरीच्या विहारात वंदना आटोपली. सतरंज्या गुंडाळणे सुरू होते, तेवढ्यात बारावीत शिकणाऱ्या एका मुलाने आम्हांस अडविले. हातातल्या मोबाईलवर जळालेल्या गावाचा फोटो होता. "काकाजी, म्यानमारात तर आपलेच लोकं हायेत ना? मंग ते असं कसं करून राह्यले?" शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी त्याला गप्प केले, "विहारात असलं बोलू नये बाबू." आम्हांला वाटले, विहारात नाही बोलायचे तर मग बोलायचे कुठे?

ब्रह्मदेशाशी आपले नाते पुस्तकातले नाही. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थविर कुशिनाराला राहत, पण जन्माने ते आराकानातल्या अक्याबचे. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. आपल्या भागातील कितीतरी घरांची धम्माची सुरुवात त्या दिवसापासून मोजतात.

त्याच आराकानातून, म्हणजे आजच्या राखाईन प्रांतातून, २५ ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान नेसत्या वस्त्रांनिशी बांगलादेशात पळाले. सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले हे निमित्त खरे. पण उत्तरादाखल लष्कराने गावेच्या गावे जाळली, बायकांवर अत्याचार केले, माणसे मारली. ज्या आँग सान सू की दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात शिकल्या, ज्यांना १९९१ साली नोबेल मिळाले, त्याच डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लष्कराच्या बचावाला उभ्या राहिल्या. खटला कोणी भरला? गाम्बिया नावाच्या आफ्रिकेतील चिमुकल्या देशाने. पुढे १ फेब्रुवारी २०२१ ला त्याच लष्कराने सू कींना कैद करून सत्ता बळकावली, आणि मग बौद्ध बर्मी तरुणांवरही त्याच बंदुका चालल्या.

आपल्या सरकारने काय केले? १८ जून २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत लष्कराचा निषेध करणारा ठराव ११९ मतांनी मंजूर झाला. ३६ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेतही चीन व रशियाबरोबर आपण तटस्थ. सरकारच्या अडचणी आम्ही नाकारत नाही. १,६४३ किलोमीटरची सरहद्द आहे, ईशान्येतील बंडखोर पलीकडे आसरा घेतात, आपण मागे सरलो की चीन पुढे सरकतो. पण या अडचणींआड एक जुनाच शब्द बसलेला असतो : 'अंतर्गत बाब'.

हा शब्द आपल्या समाजाच्या ओळखीचा आहे, वाचकहो. २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत आपले कार्यकर्ते जातीचा प्रश्न मांडायला गेले, तेव्हा भारत सरकारने हीच ढाल पुढे केली होती. गंमत अशी की १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला, तेव्हा तिकडचे पंतप्रधान स्मट्स 'ही आमची अंतर्गत बाब' म्हणत होते आणि भारत त्यांना खोडून काढत होता. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील नीग्रो विचारवंत डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील नीग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागविल्या, कारण अस्पृश्यांसाठी तसेच काही करण्याचा विचार त्यांच्या मनात होता. स्वतःच्या दुःखासाठी जगाचे दार ठोठावू पाहणाऱ्यांनी दुसऱ्याचे ठोठावणे ऐकूच नये, हे आम्हांला पटत नाही. मारणारे बौद्ध आहेत म्हणून तर मुळीच नाही.

दबाव आणणे हे काही बुद्धशासनाला परके नाही. विनयात 'पात्र पालथे करणे' सांगितले आहे. वड्ढ लिच्छवीने दब्ब भिक्खूवर खोटा आळ घेतला, तेव्हा संघाने त्याच्याकडून भिक्षा घेणे बंद केले. तो चूक कबूल करून आला, तेव्हा पात्र पुन्हा सुलटे केले. सप्टेंबर २००७ मध्ये बर्मी भिक्खूंनी लष्करशहांविरुद्ध हेच केले. दान नाकारले, म्हणजे पुण्यही नाकारले. लाठ्या-गोळ्या खाल्ल्या, पण पात्र पालथेच ठेवले. द्वेषाची भाषणे करणारे विराथूसारखे भिक्खूही त्याच देशात निघाले, हेही त्या मुलाला सांगावे लागले.

आणि २००७ च्या त्याच सप्टेंबरात आपल्या महाराष्ट्राचे मुरली देवरा, तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री, ब्रह्मदेशात होते. आराकानच्या समुद्रात गॅस शोधण्याचे करार झाले. अक्याबला आता सित्वे म्हणतात. तिथले बंदर भारताने बांधले आणि मे २०२३ मध्ये कोलकात्याहून पहिले जहाज तिथे लागले.

कोळशावर जगणाऱ्या आमच्या गावाला एवढे तर कळते की अर्ज-विनंत्यांनी साहेब हलत नाही, माल अडला की हलतो. मात्र पात्र केव्हा सुलटे करावे, यालाही अक्कल लागते. अमेरिकेने २०१६ च्या ऑक्टोबरात बहुतेक निर्बंध उठविले आणि वर्षाच्या आत राखाईन पेटले. आमच्या मते ती घाई झाली. दक्षिण आफ्रिकेवर १९४६ पासून दबाव होता, सर्वांना मताचा हक्क मिळाला १९९४ ला. चिकाटी लागते ती एवढी.

मिझोरामने हे आपल्या परीने केले. मार्च २०२१ मध्ये दिल्लीने निर्वासितांना रोखा असे कळविले. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून ते मान्य नसल्याचे कळविले आणि चिन लोकांना आसरा दिला. आपल्या रक्ताचे म्हणून दिला हे खरे, पण दिला.

त्या मुलाने आणि त्याच्या बहिणीने मिळून पत्राचा मसुदा केला आहे. एक प्रत परराष्ट्रमंत्र्यांना, एक दिल्लीतील म्यानमारच्या वकिलातीला. मागण्या तीनच आहेत : लष्कराला शस्त्रे देऊ नयेत, पुढच्या ठरावाला तटस्थ राहू नये, आणि जीव वाचवून आलेल्याला, मग तो रोहिंग्या असो की चिन, परत ढकलू नये. बहिणीचा आग्रह आहे की भदन्त चंद्रमणींचे नाव पहिल्याच ओळीत हवे. येत्या रविवारी वंदनेनंतर मसुदा वाचून दाखवू. त्या दिवशी मुलाला गप्प करणाऱ्या बाईंनीही यावे, असा निरोप त्यांच्या घरी पाठविला आहे.