मला कुठलं आलंय टेन्शन?

‘अगं, मला कुठलं आलंय टेन्शन? मुलगी सासरी सुखात आहे, मुलगा नोकरीला लागला, ह्यांची पेन्शन चालू आहे. आणि म्हणे टेन्शनच्या गोळ्या घ्या!’

आमच्या गल्लीतल्या काकूंचं हे बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. दवाखान्याचा कागद त्यांनी माझ्यापुढे धरला होता. त्यावर इंग्रजीत एकच शब्द ठळक होता, हायपरटेन्शन. दवाखान्यात गर्दी होती, डॉक्टर ‘गोळी चालू ठेवा’ एवढंच म्हणाले, आणि कंपाउंडरनं पुडी बांधताना ‘टेन्शनची गोळी आहे’ असं सांगून टाकलं. मी कागद वाचला. ‘हायपर’ म्हणजे जास्त, एवढं मला ठाऊक होतं. काकू हसल्या, त्यांच्याबरोबर मीही हसले. मी बी.ए. झालेली बाई. पण हा शब्द म्हणजे आपलं रोजचं बीपी, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी आलंच नाही.

टेन्शनच्या गोळ्यांची सवय लागते, असं कुणीतरी काकूंना सांगितलं. दोन महिन्यांत त्यांनी गोळ्या बंद केल्या. दिवाळी झाली आणि एका सकाळी भाकरी थापताना उजवा हात उचलेना. घरच्यांना वाटलं, वारं गेलं. जिल्ह्याच्या गावी नेलं, वाचल्या. पण त्या हातानं आज भाकरी थापता येत नाही.

मैत्रिणींनो, एक शब्द समजला असता तर हे टळलंच असतं, असं मी म्हणणार नाही. पण मी त्या दिवशी हसले होते, ते काही माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर आमच्या समाजमंदिरात बुधवारी दुपारी आम्ही सात-आठजणी बसायला लागलो. नाव काही ठेवलं नाही, ‘इंग्रजीचा बुधवार’ म्हणतात सगळ्या. सुरुवात मात्र अगदी चुकीची झाली. बसस्टँडवरच्या स्टॉलवरून मी ‘तीस दिवसांत इंग्रजी’ छापाचं पुस्तक आणलं. रोज वीस शब्द पाठ करायचे. फळांची नावं, प्राण्यांची नावं, नातेवाइकांची नावं. तिसऱ्या बुधवारी सगळ्यांची पाटी पुन्हा कोरी! कशी राहणार? शहामृगाला इंग्रजीत काय म्हणतात, याची गरज आमच्यापैकी कुणाला पडणार होती?

आणि ‘फाडफाड इंग्रजी बोला’ या जाहिरातींबद्दलही बोलायला हवं. आपल्या गावात आपण इंग्रजी बोलणार कुणाशी? भाजीवाल्याशी की नणंदेशी? आपल्याकडे इंग्रजी येतं ते कागदावरून. औषधाच्या पाकिटावर, रक्ताच्या रिपोर्टवर, बँकेच्या अर्जावर, मुलांच्या शाळेच्या सूचनेत. म्हणजे आपल्याला आधी वाचता आणि समजता यायला हवं. बोलण्याच्या क्लासला हजारो रुपये भरून आलेल्या एका सूनबाईला ‘हाऊ आर यू’ छान म्हणता येतं, पण गॅसच्या पावतीवरची सूचना कळत नाही. हा दोष तिचा नाही, शिकवणाऱ्यांचा आहे.

मग आम्ही पद्धत बदलली. दर बुधवारी एकच छोटा उतारा, दहा ओळींच्या आतला. विषय आरोग्याचा, विज्ञानाचा, नाहीतर पैशा-कायद्याचा. त्यातले पाचच नवे शब्द वहीत लिहायचे. अर्थ डिक्शनरीतला नाही, आपल्या तोंडातला. आणि त्या शब्दाचं आपल्या घरातलं एक वाक्य करायचं.

पहिला उतारा अर्थातच रक्तदाबाचा होता. त्यात कळलं की ‘टेन्शन’चा मूळ अर्थ ताण, ओढ. कपडे वाळत घालायची दोरी आपण ओढून बांधतो ना, तो ताण. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर रक्ताचा जो दाब येतो, त्याच्याशी या शब्दाचा संबंध. मनाच्या काळजीला आपण टेन्शन म्हणतो तो त्याच शब्दाचा दुसरा उपयोग. उताऱ्यात ‘सायलेंट’ हाही शब्द होता. बीपी वाढलं तरी बहुतेकदा काही दुखत नाही, खुपत नाही, म्हणून ते गुपचूप बसणारं दुखणं. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, त्याच्यावर वारंवार जायला लागलं की डॉक्टर त्याला हायपरटेन्शन म्हणतात. आणि मीठ? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे सगळं धरून! त्या दिवशी ‘सॉल्ट’ शब्द कुणालाच पाठ करावा लागला नाही.

पुढच्या उताऱ्यात ‘हायपर’चा भाऊ भेटला, ‘हायपो’. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. एवढ्याशा फरकानं केवढा घोटाळा होतो बघा. आमच्यातल्या एकीचा थायरॉइडचा रिपोर्ट होता. टीएसएचचा आकडा वाढलेला, पुढे इंग्रजी ‘एच’ छापलेलं, म्हणजे हाय. आणि डॉक्टरांनी लिहिलेलं हायपोथायरॉइड, म्हणजे कमी. ती म्हणाली, ‘एकजण म्हणतो जास्त, एकजण म्हणतो कमी, यांचंच यांना कळत नाही.’ गोळी थांबवायच्या बेतात होती. उतारा वाचला तेव्हा उलगडा झाला. टीएसएच हे थायरॉइडचं पाणी नव्हेच. मेंदूच्या खालची एक छोटी ग्रंथी थायरॉइडला ‘काम कर’ म्हणून जो निरोप पाठवते, तो निरोप म्हणजे टीएसएच. थायरॉइड सुस्त पडली की निरोप वाढतात. झोपलेल्या पोराला आपण एका हाकेऐवजी दहा हाका मारतो तसं. हाका जास्त, काम कमी! हे तिनंच आपल्या शब्दांत वहीत लिहिलंय.

शब्दांच्या गोष्टी सांगितल्या की बायकांना फार मजा येते. दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ लिहिलेलं असतं. आपण रोज ती पिशवी कापतो, पण तो शब्द म्हणजे एका माणसाचं आडनाव आहे हे आम्हाला कुठं माहीत होतं? लुई पाश्चर हा फ्रेंच शास्त्रज्ञ. दूध ७२ अंशांपर्यंत तापवून पंधरा सेकंद तसंच ठेवायचं आणि लगेच थंड करायचं, ही एक नेहमीची रीत.

‘व्हॅक्सिन’ शब्दात तर चक्क गाय निघाली. लॅटिनमध्ये वाका म्हणजे गाय. १७९६ साली एडवर्ड जेन्नरनं इंग्लंडमध्ये गाईच्या देवीचा अंश एका मुलाला टोचून माणसाच्या देवीपासून बचाव होतो हे दाखवलं, त्यावरून हे नाव. आणि आपल्या देशात पहिली लस टोचली ती मुंबईत, १४ जून १८०२ला, ऍना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. हे वाचल्यावर आमच्यातली एक आजी आपल्या दंडावरचा देवीचा वण बघत बसली. ‘व्हॅक्सिन’ ती आता विसरणार नाही.

आता जरा पैशाचं. आमच्या ओळखीच्या एका बाईनं दिराच्या कर्जाच्या कागदावर सही केली. ‘वहिनी, नुसती गॅरंटर म्हणून सही पाहिजे’ असं सांगितलं होतं. तिला वाटलं, साक्षीदार असेल. दिराचे हप्ते थकले आणि नोटीस हिच्या नावानं आली. गॅरंटर म्हणजे जामीनदार. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर, कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. कागदावर ‘जामीन’ हा मराठी शब्द असता तर ती सही करण्याआधी दहादा थबकली असती. जामीन राहू नये हे तर तिच्या आजीनंही सांगितलं असेल. इंग्रजी शब्दाआड तोच जामीन बसलेला तिला दिसला नाही. तसाच ‘नॉमिनी’. बँकेच्या ठेवीला नॉमिनी म्हणून नाव आहे, म्हणजे पैसे माझेच, असं आपण समजतो. पण बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते आणि वारसांचा हक्क त्यानं संपत नाही. हा उतारा वाचला त्या दिवशी चहा गार झाला, इतकी चर्चा!

आता तुम्ही म्हणाल, असे उतारे आणायचे कुठून? सांगते. तुमच्या घरातच आहेत. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं. २००० सालापासून आपल्या राज्यात ते पहिलीपासून आलं. आता कितीतरी मराठी शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत, तिथे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून. मुलं ‘आई, हे काय आहे?’ विचारतात आणि आपण ‘बाबांना विचार’ म्हणतो. त्याऐवजी असं करा. बालभारती एकच विज्ञानाचं पुस्तक मराठीतही काढते आणि इंग्रजीतही. धडे तेच, चित्रं तीच. सहावी-सातवीची दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात, मोबाइलवरही उघडतात. आधी मराठी परिच्छेद वाचायचा, मग तोच इंग्रजीत. डिक्शनरी लागतच नाही! मराठीत ‘प्रकाशसंश्लेषण’, इंग्रजीत ‘फोटोसिंथेसिस’. खरं सांगू? दोन्ही तितकेच अवघड. पण ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, हे कळलं की दोन्ही एकदम सुटतात. मुलगा-आई एकत्र बसले तर आणखी बरं, फक्त त्याला वेळ लागला की रागवायचं नाही. त्यालाही आपल्यावर रागावू द्यायचं नाही!

एक मैत्रीण मला रागानं म्हणाली, ‘औषधाचा, बँकेचा कागद मराठीत का नको? आपणच का शिकायचं?’ तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ही मागणी आपण करतच राहायला हवी. डॉक्टरांनीही दोन मिनिटं थांबून मराठीत सांगायला हवं. पण तो कागद मराठीत येईल तेव्हा येईल, गोळी आज रात्री घ्यायची आहे.

घरातून टोमणे येतात, ते वेगळंच. ‘आता या वयात मॅडम होणार का?’ आमची एकजण त्यामुळे यायची बंद झाली. रमाबाई रानडे इंग्रजी शिकत होत्या तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांना किती घालूनपाडून बोललं, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. तेव्हापासून किती वर्षं झाली, टोमणे बाकी तसेच. आमच्या त्या मैत्रिणीला आम्ही उताऱ्याची झेरॉक्स घरी पोचवतो. भाजीच्या पिशवीतून.

सगळं छान चाललंय असंही नाही. स्पेलिंग कुणाचं येत नाही, माझंही चुकतं. न्यूमोनियाच्या आधी ‘पी’ कशाला बसलाय, याचं उत्तर मला देता आलं नाही. वर्षाच्या शेवटी मोजले तर प्रत्येकीच्या वहीत दीडशेच्या आसपास शब्द होते. क्लासवाले तेवढे आठवड्यात शिकवतो म्हणतात.

मागच्या बुधवारी काकू आल्या. पहिल्यांदाच. डाव्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात दवाखान्यातून सोडताना दिलेलं कार्ड. ‘आज माझा उतारा वाचा,’ म्हणाल्या. हायपरटेन्शन सगळ्यांनी एका सुरात वाचलं. त्याच्या पुढे दोन शब्द होते. आमच्यातल्या एकीनं अक्षर लावून लावून वाचले, ‘नॉन कम्प्लायन्स’. नॉन म्हणजे नाही, नॉनव्हेजमधलं. कम्प्लायन्स मोबाइलवर शोधला. सांगितलेलं ऐकणं, पाळणं. म्हणजे पेशंटनं औषधाचं सांगितलेलं पाळलं नाही.

काकू बराच वेळ कार्डाकडे बघत राहिल्या.

‘म्हणजे मी ऐकलं नाही, असं लिहिलंय होय त्यांनी?’ त्या म्हणाल्या. ‘पण मला सांगितलं कुणी होतं?’

पुढच्या आठवड्यात त्यांना तपासणीला जायचंय. या वेळी मी बरोबर जाणार आहे, आणि काय काय विचारायचं ते काकू डाव्या हातानं वहीत लिहून काढताहेत.