ऑल्ट म्हणजे टाइमपास नव्हे

‘मेन कोणता?’ वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या कुठल्याही गिल्डमध्ये शिरा, पहिला प्रश्न हाच. माझा मेन टँक. मिथिक रेडमध्ये मी चुकलो की वीसच्या वीस जण मरणार. म्हणून गुपचूप एक प्रीस्ट काढला. हीलरला टँकचा राग का येतो हे तिथे कळलं आणि माझं टँकिंग सुधारलं.

तरी गिल्डमध्ये ऐकवतात, ‘ऑल्ट खेळणारे सिरियस नसतात.’ अरे, ही निष्ठा तुमची नाही, गेमने लादलेली आहे! २०१६च्या ‘लीजन’मध्ये आर्टिफॅक्ट पॉवर प्रत्येक कॅरेक्टरसाठी वेगळी कमवावी लागे. दुसरं कॅरेक्टर म्हणजे दुसरी नोकरीच. २०२४मध्ये वॉरबँड आले, बरीचशी रेप्युटेशन अख्ख्या अकाउंटची झाली. काय बिघडलं? फायनल फँटसी १४मध्ये तर एकच कॅरेक्टर सगळे जॉब शिकू शकतं.

आपल्याकडे बारावीनंतर एकदाच क्लास निवडायचा आणि जन्मभर तोच मेन मिरवायचा. मी इंजिनिअरिंग निवडलं तेव्हा सतरा वर्षांचा होतो. निदान गेममध्ये तरी मला पुन्हा लेव्हल एकपासून सुरुवात करू द्या. त्यासाठी मला गद्दार ठरवू नका.