“एकदा काढून टाकलं की कटकट मिटली!”



गेल्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या एका गावी किशोरींचं शिबिर घेत होते. पाळीविषयीचं सत्र संपलं, मुली पांगल्या. एक मात्र मागे रेंगाळली. तोंडावरची ओढणी तिने दिवसभर सोडली नव्हती. “ताई, एक विचारू का?” म्हणत तिने ती खाली घेतली. हनुवटीवर राठ केस, गालांवर भाजल्याचे काळे डाग.

बघण्याच्या दोन कार्यक्रमांत नकार आला, तेव्हा बापाने मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली आणि तिला शहरात लेसरला नेलं. “सहा बैठकांत केस कायमचे जातील,” असं सांगून सगळे पैसे आधीच भरून घेतले गेले. तीन बैठकांत हे डाग उठले. पाळी नियमित येते का, हे तिला कुणीही विचारलं नव्हतं. मी विचारलं. चार-चार महिने येत नव्हती.

आई म्हणाली, “एकदा काढून टाकलं की कटकट मिटंल, असं वाटलं.”

हे वाक्य आपल्या बीड जिल्ह्याला नवं नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. लेसर आणि ती शस्त्रक्रिया एकच, असं मी म्हणत नाही. पण तर्क एकच आहे. बाईचं शरीर कामाच्या नाहीतर लग्नाच्या आड आलं, की आडवं येईल ते काढून टाकायचं. का झालं, पुढे काय होईल, हे तिला सांगायचं नाही. कर्ज मात्र तिच्याच घराने फेडायचं.

आणि आपण? १९९६ साली बंगळूरच्या विश्वसुंदरी स्पर्धेला स्त्री संघटनांनी विरोध केला, तो योग्यच होता. पण आजही चेहऱ्यावरच्या केसांचा विषय निघाला की आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, “हे सुखवस्तू बायकांचे चोचले.” ओढणीआड दिवस काढणाऱ्या मुलीला “आहेस तशी छान आहेस” एवढंच सांगून आपण मोकळ्या होतो. मग तिला बोलावणारी फक्त जाहिरात उरते.

म्हणून लेसरबद्दल आपणच स्पष्ट बोलू. लेसरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो, त्या उष्णतेने केसाचं मूळ जळतं. तेच रंगद्रव्य आपल्या सावळ्या कातडीतही असतं. त्यामुळे यंत्र चुकीचं निवडलं किंवा मात्रा जास्त झाली, तर कातडी भाजते, डाग पडतात. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. उन्हाने रापलेल्या कातडीवर धोका वाढतो. मग उसाच्या फडातून आलेल्या मुलीला तू उन्हात काम करतेस का, हे विचारायला नको? पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही. वाढीच्या अवस्थेतल्या केसांवरच तो काम करतो, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. केस कमी होतात, बारीक होतात. सगळे कायमचे जात नाहीत. क्वचित चेहऱ्यावर उलट जास्तही उगवतात.

आणि मूळ कारण संप्रेरकांत असेल, तर नवे केस येतच राहतात. अनियमित पाळी आणि हनुवटीवर राठ केस ही पीसीओएसची लक्षणं असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो, आणि त्यातल्या बहुसंख्य जणींना त्याचं निदानच झालेलं नसतं. त्यातून पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे हे केस शरीराने दिलेली सूचना असू शकतात, आणि आपण त्या सूचनेचीच लाज बाळगतो.

लेसर करू नका, असं मी म्हणणार नाही. त्या मुलीने मला ऐकवलं, “ताई, केस नकोतच मला. पण डागबी नको होते.” तिचं म्हणणं मला मान्य आहे. तिचा चेहरा, तिचा निर्णय. पण निर्णय घ्यायला माहिती लागते, आणि ती तिला ना घरात मिळाली, ना दवाखान्यात, ना आपल्या शिबिरात.

तेव्हा पाळीच्या प्रत्येक सत्रात केसांचा प्रश्न आपणहून काढू या. आधी तपासणी, मग लेसर, हे आयांना पटवू या. यंत्र कोणतं, चालवणारा डॉक्टर आहे का, आधी छोट्या जागी चाचणी करणार का, हे विचारायला मुलींना शिकवू या. सगळे पैसे आधी भरू नका, पावती घ्या, फसवणूक झाली तर ग्राहक आयोगाकडे चला, आम्ही सोबत आहोत, असं सांगू या. ग्रामीण रुग्णालयात या तपासण्या मोफत व्हाव्यात, ही मागणी लावून धरू या.

आणि हनुवटीवरचे केस मोजणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवायची हिंमत एकमेकींना देऊ या. २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. मुली जन्मूच दिल्या नाहीत, आणि जन्मल्या त्यांच्यात खोट काढत बसायचं, हा निलाजरेपणा आहे. लाज वाटायची तर त्याची वाटू दे. त्या पोरीने ओढणी का म्हणून ओढायची?