‘घराण्यातच आहे’ म्हणण्यापूर्वी

आजोबा चष्मा कोठे ठेवला ते विसरले, तर घरात कोणी म्हणते, ‘वय झाले.’ पण रोजच्या वाटेवरून घरी परतणे त्यांना जमेनासे झाले, की कोणीतरी हळूच म्हणते, ‘त्यांच्या वडिलांचेही असेच झाले होते. घराण्यातच आहे ते!’ आणि मग डॉक्टरकडे जाणे राहून जाते. हे वाक्य तुम्ही विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहावे, असे मला वाटते.

त्यात तथ्य नाही असे नाही. उतारवयातील स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. आपल्या १९ व्या गुणसूत्रावर ‘एपीओई’ हे जनुक असते. त्याचे ई-२, ई-३ व ई-४ असे तीन मुख्य प्रकार आहेत. आईकडून एक व वडिलांकडून एक, अशा दोन प्रती प्रत्येकाला मिळतात. ई-४ असणाऱ्यांत हा रोग अधिक आढळतो, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखविले. दोन्ही प्रती ई-४ असतील, तर धोका आणखी वाढतो.

परंतु धोका म्हणजे निकाल नव्हे. ई-४ असूनही अखेरपर्यंत स्मृती शाबूत राहिलेली माणसे आहेत, आणि नसूनही रोग जडलेली आहेत. नायजेरियातील इबादान येथील योरुबा वृद्धांत ई-४ सर्रास आढळतो. तरीही २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे अल्झायमरचे नवे रुग्ण दर वर्षी शेकडा १.१५ आढळले, अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या आफ्रिकी वंशाच्या वृद्धांत मात्र २.५२! म्हणजे राहणीमान, आहार, परिस्थिती यांचाही वाटा असला पाहिजे. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, एकटेपणा, अपुरे शिक्षण अशी टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली.

एकाच बिघडलेल्या जनुकामुळे हा रोग होणारी घराणीही आहेत, पण ती अगदी विरळा. एरवी मेंडेलच्या वाटाण्यांचा उंच-बुटका हिशेब येथे लागू पडत नाही. शिक्षकांनी आनुवंशिकता शिकविताना हा फरक आवर्जून सांगावा.

आणि तुम्ही काय कराल? आजोबांना डॉक्टरकडे नेण्याचा आग्रह धरा. ब-१२ जीवनसत्त्वाच्या किंवा थायरॉईडच्या उणिवेनेही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत. त्यांना ऐकू कमी येत असेल, तर कान तपासून घ्या. रोज थोडा वेळ त्यांच्याशी गप्पा मारा. जनुके बदलणे आपल्या हाती नाही. एवढे मात्र नक्कीच आहे.