दिवा कुणाच्या तेलावर जळतो?

रमजानच्या रात्री घरचे पुरुष तरावीह आटोपून येईपर्यंत नानी आम्हा मुलांना गोष्टी सांगायची. त्यात खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांची गोष्ट ठरलेली. ते रात्री दिव्याच्या उजेडात राज्याचा हिशेब पाहत असतात. कुणी भेटायला येतो आणि घरची विचारपूस करू लागतो. खलिफा तो दिवा विझवतात, स्वतःचा पेटवतात. सरकारी तेल खासगी गप्पांसाठी नाही! पुढे शाळेत बाईंनी हीच गोष्ट आर्य चाणक्याची म्हणून सांगितली. मी म्हणाले, "बाई, ही तर आमच्या नानीची गोष्ट!" बाई हसून म्हणाल्या, "चांगली गोष्ट दोन्ही घरी नांदते."

गेल्या आठवड्यात ती गोष्ट पुन्हा आठवली. इफ्तारच्या आधी घरी पोचायचे म्हणून कॉलेजातून घाईने निघाले. निम्म्या वाटेत लक्षात आले, टेबलावरचा संगणक चालूच राहिला. परत फिरले नाही. घरी आल्यावर मात्र मुलाला ओरडले, "खोलीतला पंखा कोण बंद करणार?" घरचे बिल माझे, कॉलेजचे बिल कुणाचेच नाही. आपल्या बहुतेक शाळा-कॉलेजांत हेच चालते.

हिशेब करून पाहा. साधा डेस्कटॉप पडद्यासह, कुणी वापरत नसतानाही, 50-60 वॅट वीज सहज खातो. 40 संगणकांची प्रयोगशाळा रोज तीन तास रिकामी चालू राहिली, तर सुमारे 7 युनिट वाया जातात. वर्षाचे 200 दिवस धरले तर 1400 युनिट. युनिटला 10 रुपये धरले, तरी 14 हजार रुपये. एवढ्यात शाळेच्या ग्रंथालयात शंभरेक पुस्तके येतील. शिवाय ही सारी वीज शेवटी उष्णता होते आणि खोलीत एसी असेल तर ती बाहेर काढायला पुन्हा वीज लागते.

काही गैरसमजही आहेत. पडद्यावर फिरणाऱ्या चित्रांनी, म्हणजे स्क्रीनसेव्हरने, वीज वाचत नाही. तो जुन्या काचेच्या जाड पडद्यांवर डाग पडू नयेत म्हणून आला. पडदा बंद झाला आणि संगणक 'स्लीप'मध्ये गेला, तरच बचत होते. दहा मिनिटांनी तसे आपोआप व्हावे, ही सोय सेटिंगमध्ये असते आणि फुकट असते. दिवसातून एक-दोनदा बंद-चालू केल्याने आजचे संगणक बिघडत नाहीत. संध्याकाळी प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनचे भिंतीवरचे बटणही बंद करावे. प्रोजेक्टरचा पंखा मात्र आधी थांबू द्यावा.

"शिपाईमामा करतील बंद" असे आपण सहज म्हणतो. पण कुणाचे काम जतन झाले, कुणाचे राहिले, हे मामांना कसे कळणार? ज्याने वापरले त्यानेच बंद करावे. प्रत्येक यंत्रावर एक नाव असावे, विद्यार्थ्यांची आठवड्याची पाळी असावी आणि महिन्याचे वीजबिल सूचनाफलकावर लागावे. आकडा दिसू लागला की बिल 'कुणाचेच नाही' असे राहत नाही.

पुण्याला संगणकाचे कौतुक जुने. 'परम' महासंगणक 1991 मध्ये इथल्याच 'सी-डॅक'ने बनवला. 'एमएस-सीआयटी'चे एमकेसीएल इथले. राज्यात ऊर्जाबचतीचे काम पाहणाऱ्या 'महाऊर्जा'चे मुख्यालयही पुण्यातच आहे. दिव्याखाली अंधार नको.

उर्दूत उधळपट्टीला 'इस्राफ' म्हणतात आणि सांभाळायला दिलेल्या वस्तूला 'अमानत'. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, अशी शिकवण आम्हाला लहानपणापासून मिळते. शाळेची वीज तर कुणाच्या तरी फीमधून, कुणाच्या तरी करातून आलेली असते. दिवसभर तहान-भूक आवरणाऱ्या मला एक बटण दाबायला दोन मिनिटे मिळू नयेत, हे काही पटत नाही. आता निघण्याआधी मी मागे वळून टेबलाकडे पाहते. उद्या तुम्हीही आपल्या शाळेत, कचेरीत तेवढे पाहाल का?