विश्लेषण : नवे प्लेअर बाजारात, गाणी विकत घ्यायची कुठे?

नवी दिल्ली : केवळ गाणी ऐकण्यासाठी वेगळे यंत्र बाळगण्याचे दिवस स्मार्टफोनने संपवले, असा समज गेल्या दशकात दृढ झाला होता. ॲपलने १० मे २०२२ रोजी आयपॉडचे शेवटचे प्रारूप बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या समजावर शिक्कामोर्तबच झाले. प्रत्यक्षात त्यानंतर वर्षभराच्या आत सोनीने वॉकमनची दोन नवी प्रारूपे भारतात विक्रीस आणली. त्यांपैकी एनडब्ल्यू-ए३०६ची किंमत सुमारे २६ हजार रुपये, तर एनडब्ल्यू-झेडएक्स७०७ची सुमारे ७० हजार रुपये होती. फिओ, हायबी, शानलिंग या चिनी कंपन्यांचे प्लेअरही हौशी श्रोत्यांच्या परिचयाचे झाले आहेत. फिओने तर २०२४ मध्ये चक्क कॅसेट वाजवणारा सीपी१३ हा प्लेअर बाजारात आणला.

या यंत्रांचा ग्राहक मर्यादित आहे, हे उघड आहे. ७० हजार रुपयांत उत्तम फोन मिळत असताना केवळ ध्वनीच्या दर्जासाठी तेवढी रक्कम मोजणारा श्रोता महानगरांतही विरळाच. परंतु भारतातील या बाजाराला दुसरे टोकही आहे आणि ते अधिक बोलके आहे. एकेकाळी ‘एचएमव्ही’ या नावाने घराघरांत पोहोचलेल्या आणि २००० मध्ये सारेगामा झालेल्या कंपनीने २०१७ मध्ये ५ हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ आणला. जुन्या रेडिओसारखे रूप, फिरवण्याचे बटण, इंटरनेटची गरज नाही. ज्येष्ठांना भेट देण्याची वस्तू म्हणून तो खपला. पुढे मराठीसह अनेक भाषांतील आवृत्त्या, खिशात मावणारा ‘कारवां गो’ आणि गाणी भरलेला साधा फोनही आला. ज्या कंपनीकडे गाण्यांचे हक्क आहेत, तिनेच यंत्र विकावे, ही युक्ती नवी नाही. एचएमव्हीने ध्वनिमुद्रिकांसोबत ग्रामोफोनही विकले होते. श्रोत्याला मात्र त्यात एकाच भांडारातील गाणी मिळतात, हीच तिची मर्यादा.

व्हिडिओ प्लेअरची कथा त्रोटक आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये आयपॉडला अडीच इंचांच्या पडद्यावर चित्रफिती दाखवता येऊ लागल्या, तेव्हा त्याचे अप्रूप होते. मोठ्या पडद्याच्या फोनने ती जागा पूर्णपणे घेतली आणि ती परत मिळण्याची चिन्हे नाहीत. नव्या प्लेअरचा भर संगीतावर आहे. फोनच्या सूचना, जाहिराती आणि सततच्या व्यत्ययापासून दूर राहून ऐकता यावे, ही त्यामागील मागणी.

यंत्राचा प्रश्न सुटला, तरी त्यात भरायचे काय, हा खरा पेच आहे. सीडीच्या दर्जाचे ५ मिनिटांचे गाणे न आकसता साठवले, तर सुमारे ५० एमबी जागा व्यापते; नेहमीच्या १२८ केबीपीएस एमपी३ स्वरूपात तेच ५ एमबीच्या आत बसते. महागड्या प्लेअरचा उपयोग पहिल्या प्रकारच्या फाइलसाठी आहे. अशी फाइल, तीही हिंदी वा मराठी चित्रपटगीताची, राजरोस विकत घेण्याची सोय भारतात कधी रुजलीच नाही. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे एमपी३ विक्रीचे दालन उघडले होते. एका गाण्यासाठी काही रुपये मोजावेत, अशी ती साधी व्यवस्था होती. जून २०१३ मध्ये ते बंद झाले. फुकट मिळणाऱ्या गाण्यांपुढे विकतच्या गाण्यांचा टिकाव लागला नाही.

त्यानंतर स्ट्रीमिंग आले आणि श्रोता मालकाचा भाडेकरू झाला. भाडेकरूच्या अडचणीही लवकरच दिसू लागल्या. गाना ही सेवा २०२२ मध्ये केवळ सशुल्क झाली, रेसोने जानेवारी २०२४ अखेर भारतातील काम थांबवले आणि एअरटेलने त्याच वर्षी विंक म्युझिक बंद करण्याचा निर्णय घेतला. अशा ॲपमध्ये उतरवून घेतलेली गाणी ॲपबाहेर वाजत नाहीत. सेवा बंद पडली की वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्याही तिच्याबरोबर जातात. ए३०६सारखा अँड्रॉइडवर चालणारा वॉकमन वाय-फाय जोडून हीच ॲप वाजवू शकतो. म्हणजे २६ हजारांचे यंत्र घेऊनही श्रोता भाडेकरूच राहू शकतो.

कायद्याची बाजू यापेक्षा उदार आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ खासगी वा वैयक्तिक वापरासाठीच्या न्याय्य व्यवहाराला मुभा देते. स्वतः विकत घेतलेल्या सीडीवरील गाणी स्वतःच्याच प्लेअरमध्ये घेणाऱ्या श्रोत्याला या मुभेचा आधार घेता येतो. पैसे घेऊन मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या दुकानदाराला तो मिळत नाही, तरीही कित्येक वर्षे लहान गावांतील संगीतवितरण याच दुकानांनी केले. त्यातील एक पैसाही गीतकार वा संगीतकारापर्यंत पोहोचला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनात समान वाट्याचा हक्क दिला. परंतु जिथे व्यवहाराची नोंदच नाही, तिथे वाटा कशाचा मागणार?

जर्मनीने या पेचावर १९६५ मध्येच तोडगा शोधला होता. ध्वनिमुद्रण यंत्रांच्या किमतीतच एक छोटे शुल्क अंतर्भूत करायचे आणि ते हक्कधारकांच्या संस्थांमार्फत कलावंतांना वाटायचे. युरोपातील अनेक देशांनी नंतर हा मार्ग पत्करला. अमेरिकेने १९९२ मध्ये तसाच कायदा केला खरा, पण १९९९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ‘रिओ’ हा एमपी३ प्लेअर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय दिला आणि पुढच्या साऱ्या प्लेअरांची वाट मोकळी झाली. भारतात असे शुल्क नाही. ते लावले, तर मेमरी कार्डापासून फोनपर्यंत प्रत्येक वस्तू महागेल आणि गाणे न ऐकणाराही ते भरेल, हा आक्षेप रास्त आहे. जमा झालेल्या रकमेच्या वाटपाचे काम कोणाकडे सोपवायचे, हा त्याहून कठीण प्रश्न. स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थांचा आपल्याकडील इतिहास वादांनी भरलेला आहे.

तोवर नवा प्लेअर घेणाऱ्याला कपाटातल्या जुन्या सीडीच उपयोगी पडतील. त्या वाचणारा ड्राइव्ह मात्र आता बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये नसतो. तो वेगळा विकत घ्यावा लागतो.