टॉमकाकाची करुणा आणि उचलीचा हिशेब

सुटीच्या दिवशी किहीमला येणाऱ्या मुंबईकराला सुरूचे बन, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि खांदेरी-उंदेरीच्या बाजूचा समुद्र दिसतो. अलिबाग तालुक्यातील जमिनीचे भाव ऐकून तो थक्क होतो. किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या कातकरी वाड्यांकडे मात्र त्याची पावले सहसा वळत नाहीत. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील अशा वाड्यांतून पावसाळ्याच्या तोंडी, घरातले धान्य संपलेले असताना, वीटभट्टीची उचल घेतली जाते. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे, शाळेत जाणाऱ्या मुलांसह, भट्टीवर रवाना होतात. उचल किती घेतली, विटा किती पाडल्या, आठवड्याचा खर्च किती झाला, हे मालकाच्या वहीत लिहिलेले असते. हंगामाअखेर बाकी निघाली, तर ती पुढल्या वर्षावर जाते.

या व्यवहाराला गुलामगिरी म्हणावयाचे काय, असा प्रश्न केल्यास सुशिक्षित वाचक चपापेल. गुलामगिरी म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील कापसाचे मळे, साखळदंड आणि चाबूक येतात. हे चित्र जगाच्या मनावर ठसविण्यात हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीचा वाटा फार मोठा आहे. तिचा प्रभाव आणि तिच्यावरील टीका यांचा पुन्हा विचार करण्याचे प्रयोजन म्हणूनच किनाऱ्यापासून काही मैलांवर सापडते.

पळून गेलेल्या गुलामाला पकडून देणे उत्तरेकडील राज्यांतील नागरिकांवरही बंधनकारक करणारा कायदा १८५० मध्ये झाला. त्याने अस्वस्थ झालेल्या स्टोबाईंनी १८५१ पासून एका साप्ताहिकात ही कथा क्रमशः लिहिली. मार्च १८५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. इंग्लंडमधील खप त्याहूनही मोठा होता. सत्ताधाऱ्यांना पुस्तकाचे भय किती वाटावे? मेरीलँडमधील सॅम्युअल ग्रीन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाला, हे पुस्तक घरात सापडले म्हणून, १८५७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. एका छोट्या बाईने महायुद्ध घडविले, अशा अर्थाचे उद्गार लिंकन यांनी काढल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिला समकालीन पुरावा नाही आणि त्या यादवी युद्धाची कारणे एका कादंबरीत मावण्याजोगीही नव्हती. तथापि एका कथेने लाखो वाचकांची उदासीनता मोडली, हे नाकारता येत नाही.

या कादंबरीचे खरे सामर्थ्य तिच्या अश्रूंपेक्षा तिच्यातील हिशेबात आहे. टॉमचा पहिला मालक शेल्बी दुष्ट नाही. तो दयाळू आहे. परंतु तो कर्जात बुडतो आणि सावकाराचे देणे फेडण्यासाठी टॉमला विकतो. दुसरा मालक सेंट क्लेअर टॉमला मुक्त करण्याचे वचन देतो, पण कागदपत्रे पुरी होण्याआधीच मरतो. मग टॉम लिलावात निघतो आणि क्रूर लेग्रीच्या हाती पडतो. ज्या व्यवस्थेत माणूस हाच तारण आहे, तेथे मालकाचा चांगुलपणा त्याचे रक्षण करू शकत नाही. एका घराचा जमाखर्च बिघडला की दुसऱ्या घरातील मूल आईपासून तुटते. दोष मालकाच्या स्वभावात शोधू नका, मालकीच्या नात्यात शोधा, असे ही कादंबरी सांगते, आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाहून अधिक स्पष्टपणे सांगते.

तिच्यावर टीका दोन्ही बाजूंनी झाली. दक्षिणेतील लेखकांनी सुखी गुलामांची चित्रे रंगविणाऱ्या प्रतिकादंबऱ्या काढल्या; त्यांना उत्तर म्हणून स्टोबाईंनी १८५३ मध्ये आधारभूत कागदपत्रांचे स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. ती टीका काळाच्या ओघात विरून गेली. दुसऱ्या बाजूची टीका मात्र टिकली. मार्टिन डिलेनी या कृष्णवर्णीय नेत्याने १८५३ मध्येच विचारले की, आमच्याविषयी गोऱ्या लोकांना काय ठाऊक? जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्ये या कादंबरीच्या भावविवशतेवर कठोर प्रहार केला. बंड करणारी पात्रे बहुधा गोरटेल्या वर्णाची, काळाकुट्ट टॉम मात्र सहनशील. आणि स्वतंत्र झालेल्या जॉर्ज हॅरिसची पाठवणी अखेर आफ्रिकेत. रंगमंचावरील खेळांनी तर टॉमचा लाचार म्हातारा करून टाकला आणि त्याचे नाव ही शिवी झाली. मूळ टॉम पळालेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगण्यास नकार देतो आणि त्यासाठी प्राण गमावतो, हे बहुतेकांच्या विस्मरणात गेले. एवढे मान्य करूनही आक्षेपाचा गाभा शिल्लक राहतोच. ज्याची कणव येते, त्याला आपण क्वचितच बरोबरीचा मानतो.

महाराष्ट्राला या आक्षेपाचे मर्म फार पूर्वी उमगले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. त्यांनी अमेरिकेकडून प्रेरणा घेतली, पण वाचकाला रडविणारी कथा लिहिली नाही. धोंडीबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांतून त्यांनी दास्याची कारणे उलगडली. येथे दास हा दयेचा विषय उरत नाही. तो प्रश्न विचारतो.

किहीम ज्या अलिबाग तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील चरी येथे हा प्रश्न १९३३ मध्ये शेतावर विचारला गेला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतील कुळांनी खोतांची शेती कसण्याचे नाकारले. १९३९ पर्यंत, उपासमार सोसून, तो संप चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले आणि १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा पुढे १९४९ मध्ये झाला. कोणा खोताचे हृदय द्रवल्यामुळे हे घडले नाही.

शेजारच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांची कहाणी अशीच आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत; त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली आणि बारा आणे रोजाची मागणी केली. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक हा इतिहास सांगते. स्टोबाईंप्रमाणे गोदूताईही सुस्थित, सुशिक्षित घरातील होत्या. परंतु त्या पाड्यांवर राहिल्या, वारल्यांबरोबर चालल्या, आणि त्यांच्या पुस्तकातील माणूस कोणी सोडविण्याची वाट पाहत बसत नाही. सहानुभूतीने लिहिणाऱ्याने काय करावे, याचा हा मराठी वस्तुपाठ होय.

१९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर रद्द झाली आणि तिच्यापोटी असलेले कर्जही कायद्याने नष्ट ठरले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे सक्तीचेच श्रम होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. भट्टीमालक म्हणतात की, बँक ज्यांना दारात उभे करीत नाही त्यांना आम्ही पैसा देतो, आणि ते तो खुशीने घेतात. यात अर्धे सत्य आहे. पावसाळ्यात चूल पेटण्याचा दुसरा मार्ग नसताना घेतलेल्या उचलीस खुशीचा सौदा म्हणणे, ही शब्दांची कसरत होय. त्या महिन्यांत रोजगार हमीचे काम आणि धान्य वेळेवर मिळाले, तर उचलीची गरजच घटेल. वाडीखालची जागा कातकऱ्यांच्या नावावर झाली, तर जमिनीचे भाव चढत असताना हुसकले जाण्याचे भय कमी होईल. अनेक वाड्यांखालची जमीन आजही दुसऱ्याच्या नावावर आहे.

ही कामे कादंबरी करू शकत नाही. ती ज्यांच्या हाती आहेत त्यांत या मजकुराचे वाचकही आहेत. दिवाळीनंतर हजेरीपटावरील कोणती नावे गळतात, हे शिक्षकाला ठाऊक असते. वेठबिगारीसंबंधीचा अर्ज कोणत्या टेबलावर पडून आहे, हे तहसील कचेरीतील कारकुनाला ठाऊक असते. भट्टीवरील वही मजुराला वाचून दाखविणे आणि त्याची दुसरी प्रत त्याच्यापाशी ठेवणे महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. टॉमकाकासाठी जगाने पुष्कळ अश्रू ढाळले. कातकऱ्याला अश्रू नकोत. त्याला हिशेब हवा आहे, आणि तो मागण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिलेला आहे.